वाचकांचे प्रश्न : पाणीपुरवठा ऑपरेटरचे प्रमाणपत्र आणि गणिताची अडचण

प्रश्न : पाणीपुरवठ्याच्या वितरण विभागात मी तीन वर्षे मदतनीस आहे. व्हॉल्व्ह उघडणे-बंद करणे, गळती शोधणे, जोडण्या दुरुस्त करणे हे माझे रोजचे काम. आता ऑपरेटरचे प्रमाणपत्र घ्यायचे आहे. शुद्धीकरणाचे आधी घ्यावे की वितरणाचे? शिवाय सूत्रे पाठ असूनही गणिते चुकतात. काय करावे?

उत्तर : आधी वितरणाचेच घ्यावे. अशा प्रमाणपत्रांसाठी लेखी परीक्षेबरोबर सहसा प्रत्यक्ष कामाचा अनुभवही पाहिला जातो आणि तुमचा अनुभव जलवाहिन्यांवरचा आहे. व्हॉल्व्ह झटक्याने बंद केल्यास वाहिनीला पाण्याचा तडाखा का बसतो, हे पुस्तकातून शिकणाऱ्याला समजावून घ्यावे लागते. तुम्हाला तो हादरा हाताला जाणवलेला आहे. तुरटीची मात्रा ठरवण्याची जार चाचणी, निवळण, वाळूच्या गाळणीची उलट धुलाई हे शुद्धीकरणाचे विषय नंतर सवडीने करता येतील. क्लोरीन मात्र दोन्हीकडे आहे, आणि तुमची गणिते बहुधा तिथेच अडत असावीत.

एक नेहमीचे उदाहरण घेऊ. ३०० मि.मी. व्यासाची, २०० मीटर लांबीची नवी वाहिनी लिटरमागे २५ मिलिग्रॅम क्लोरीन देऊन निर्जंतुक करायची आहे आणि ब्लीचिंग पावडरमध्ये ३० टक्के क्लोरीन आहे. व्यास आधी मीटरमध्ये लिहावा : ०.३. त्याचा वर्ग ०.०९, त्याला ०.७८५ ने (३.१४ चा चौथा भाग) आणि लांबीने गुणले की १४.१३ घनमीटर, म्हणजे १४,१३० लिटर पाणी येते. इथे व्यासालाच त्रिज्या समजून ३.१४ ने गुणणारे पुष्कळ असतात आणि त्यांचे उत्तर थेट चौपट होते. पुढे १४,१३० गुणिले २५ म्हणजे ३,५३,२५० मिलिग्रॅम, सुमारे ३५३ ग्रॅम शुद्ध क्लोरीन.

खरी घसरण याच्या पुढच्या पायरीवर होते. ३५३ ला ०.३० ने गुणून १०६ ग्रॅम असे उत्तर लिहिले जाते, आणि पर्यायांमध्येही हा आकडा मुद्दाम ठेवलेला असू शकतो. पावडरमध्ये क्लोरीन ३० टक्केच असेल, तर ती ३५३ ग्रॅमपेक्षा जास्तच लागणार, एवढा विचार आधी केला तर भागाकार करायचा हे आपोआप सुचते : सुमारे १,१८० ग्रॅम. (उघड्या पोत्यातली पावडर दिवसेंदिवस कमजोर होते, त्यामुळे प्रत्यक्ष कामावर पिशवीवरच्या टक्केवारीवर विसंबू नये. परीक्षेत मात्र दिलेलाच आकडा धरावा.)

म्हणून सूत्रे घोकण्याऐवजी प्रत्येक आकड्यापुढे त्याचे एकक लिहिण्याची सवय लावावी आणि आकडेमोडीपूर्वी उत्तर साधारण किती येईल, ते कडेला मांडावे. सरावासाठी तुमच्याच भागातल्या वाहिन्यांची मापे घेतलीत तर आकडे परके वाटणार नाहीत.

प्रसंगावर आधारलेल्या प्रश्नांत तुमचा अनुभव अधिक उपयोगी पडेल. वाहिनीच्या बंद टोकाला अवशिष्ट (पाण्यात शिल्लक राहिलेला) क्लोरीन जवळजवळ शून्य आढळला, पण बाकी सगळीकडे तो पुरेसा आहे, असे दिले असेल, तर शुद्धीकरण केंद्रावरची क्लोरीनची मात्रा वाढवण्याकडे लगेच वळू नये. पाणी त्या टोकाला साचून राहिले असण्याचा संभव अधिक. तिथली वाहिनी धुऊन काढावी आणि क्लोरीन पुन्हा मोजावा.