चालू कॉलची यादी : नोंदी चार, कॉल मात्र एकच

प्रश्न : अ‍ॅस्टरिस्क सर्व्हरवर, म्हणजे फोन एक्स्चेंज चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, आत्ता कोण कोणाशी बोलतंय, हे पडद्यावर दाखवायचं आहे. मॅनेजर इंटरफेसवर (बाहेरचे प्रोग्रॅम सर्व्हरला आज्ञा देतात तो मार्ग) ‘कोअरशोचॅनेल्स’ ही आज्ञा दिली की आधी परवानगी नाकारली गेली. सगळे हक्क दिल्यावर यादी आली, पण एका कॉलच्या दोन, कधी चार नोंदी दिसतात. चुकतंय कुठे?

उत्तर : यादी बरोबरच आहे. ती कॉलची नाही, चॅनेलची, म्हणजे सर्व्हरला जोडलेल्या प्रत्येक टोकाची आहे. १०१ ने १०२ ला फोन लावला की १०१ चा एक आणि १०२ चा एक, असे दोन चॅनेल उघडतात. मध्ये ‘लोकल’ चॅनेल (सर्व्हरने स्वतःच आतल्या आत उघडलेला) असेल, तर त्याचे शेवटी ;१ आणि ;२ असलेले दोन तुकडे आणखी दिसतात; फोन उचलल्यावर ते बहुधा आपोआप गळून पडतात. म्हणून एकूण नोंदींना दोनाने भागून कॉल मोजू नका. प्रत्येक नोंदीत ‘लिंक्डआयडी’ असतो. तो सारखा असलेल्या नोंदी एकत्र बांधा. तो एक कॉल.

पण कॉल चालू आहे म्हणजे बोलणं चालू आहे, असं नाही. रांगेत संगीत ऐकत थांबलेल्या माणसाचीही ‘चॅनेलस्टेट’ ६, म्हणजे ‘अप’, असू शकते. त्याचा ‘ब्रिजआयडी’ (चॅनेल एकमेकांना जोडणाऱ्या पुलाची ओळख) मात्र रिकामा असतो. बोलणाऱ्या दोघांचा ब्रिजआयडी एकच असतो, तेव्हा पडद्यावर जोड्या लावताना तोच बघा. ‘ड्युरेशन’ चॅनेल उघडल्यापासून मोजलं जातं, त्यात रिंग वाजण्याचा वेळही येतो. संभाषणाचा वेळ म्हणून ते दाखवलंत तर आकडा फुगेल.

आता परवानगी. यादी फक्त वाचायची, म्हणून बरेच जण मॅनेजर डॉट कॉन्फ या सेटिंगच्या फाइलमध्ये ‘रीड’च्या ओळीत हक्क देतात. आज्ञेचा हक्क तपासला जातो तो ‘राइट’च्या ओळीत. तिथे ‘रिपोर्टिंग’ एवढं पुरतं. बाकीचे सगळे हक्क आजच काढून टाका: पासवर्ड फुटला तर त्याच खात्यातून कोणीही तुमच्या लाइनवरून बाहेर फोन लावू शकेल. बदल केल्यावर सर्व्हरच्या कन्सोलवर ‘मॅनेजर रीलोड’ द्या आणि प्रोग्रॅमला पुन्हा लॉग-इन करायला लावा. जुनं सेशन जुनेच हक्क धरून बसतं.

प्रश्न : आज्ञा पाठवली तरी कधी कधी काहीच उत्तर येत नाही. आणि यादी संपली हे प्रोग्रॅमला कसं कळावं?

उत्तर : आज्ञेनंतरची रिकामी ओळ राहिली असणार. प्रत्येक ओळ सीआर-एलएफने (ओळ संपल्याची दोन अदृश्य चिन्हं) संपते, आणि रिकामी ओळ आल्याशिवाय सर्व्हर आज्ञा पुरी झाली असं मानत नाही. यादीच्या शेवटी ‘कोअरशोचॅनेल्सकम्प्लीट’ ही घटना येते, तिच्यातल्या ‘लिस्टआयटम्स’मध्ये नोंदींची संख्या असते. कोणाचाच फोन चालू नसेल तर तिथे ० असतो. आज्ञेसोबत ‘अ‍ॅक्शनआयडी’ (आज्ञेला तुम्ही दिलेली खूण) पाठवा, म्हणजे मध्येच घुसलेल्या इतर घटना बाजूला काढता येतात.

दर सेकंदाला यादी मागवत राहू नका. सुरुवातीला एकदा मागवा, मग ‘न्यूचॅनेल’, ‘ब्रिजएंटर’, ‘ब्रिजलीव्ह’ आणि ‘हँगअप’ या घटनांवरून ती जुळवत राहा. त्यासाठी ‘रीड’मध्ये ‘कॉल’ लागतं. प्रोग्रॅम त्याच यंत्रावर असेल तर ‘बाइंडअ‍ॅडर’ (सर्व्हर कुठल्या पत्त्यावर ऐकतो ते) १२७.०.०.१ ठेवा. मॅनेजर इंटरफेसच्या ५०३८ पोर्टवर पासवर्ड उघडाच जातो, म्हणून ते पोर्ट इंटरनेटवर कधीही उघडू नका.