पहिल्यांदाच स्थानिक कलाकाराला काम देताय?

तुमच्या संग्रहालयाने स्थानिक कलाकाराकडून नवी कलाकृती करून घ्यायचं मनावर घेतलं, फार बरं वाटलं. सुरुवातीला थोड्याच गोष्टी सांभाळा.

विषय आधी पक्का करून कलाकाराला बोलावू नका. सगळ्यात जास्त चुकतं ते इथेच. आधी त्याला भांडार उघडून दाखवा, कधीच मांडल्या न गेलेल्या वस्तूंसकट. १९९२ साली अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये कलाकार फ्रेड विल्सन यांनी मेरीलँड हिस्टॉरिकल सोसायटीच्या संग्रहातली नक्षीदार चांदीची भांडी आणि गुलामांच्या लोखंडी बेड्या एकाच काचपेटीत मांडल्या. वस्तू तिथल्याच होत्या, शेजार नवा होता.

मग पैसे:
- मानधन आणि साहित्याचा खर्च वेगळा लिहा, काही रक्कम आगाऊ द्या.
- ज्यांच्याविषयी काम आहे त्या लोकांबरोबर कलाकार ज्या बैठका घेईल, त्यांचेही पैसे त्याला द्या, तेही कामच आहे.
- कलाकृती कोणाची, फोटो कोण वापरणार, हे करारात हवंच.

एकाच कलाकाराला अख्ख्या समाजाचा प्रतिनिधी करू नका, त्याच्यावर अन्याय होतो. आणि ज्यांच्याविषयी काम आहे त्यांना थेट उद्घाटनाला बोलावू नका. कच्चा आराखडा असतानाच दाखवा, तेव्हा बदल करता येतात.

मूल्यमापन, कायमची खरेदी वगैरे नंतर बघू. पहिलं काम छोटं घ्या, पण नक्की घ्या.