गॅसची नळी शेतातून जाणार आहे, सही करू का?

प्रश्न : पेण तालुक्यात रस्त्याला लागून आमची ३२ गुंठे जमीन आहे. सातबाऱ्यावर माझे आणि मुंबईतल्या दिरांचे नाव आहे. भात पिकते, कडेला सात हापूस आहेत. रस्त्याकडच्या भागात मुलासाठी घर बांधायचे ठरले होते. आता नव्या गॅसच्या वीज केंद्राकडे जाणारी नळी बरोबर मधून जाणार म्हणतात. नऊ दिवसांपूर्वी तलाठ्यांनी एक कागद दिला. ठेकेदाराचा माणूस संमतीपत्र घेऊन येतो आणि सही नाही केली तर पोलीस आणू म्हणतो. जमीन जाणार का? नाही म्हणता येईल का?

उत्तर : ताई, त्या संमतीपत्रावर सही करू नका आणि तलाठ्यांनी दिलेला कागद आधी नीट वाचा. त्यावर १९६२ च्या पेट्रोलियम व खनिज पाइपलाइन कायद्याचे कलम ३(१) लिहिले असेल, तर तुमच्या हातात फार थोडे दिवस आहेत. गॅझेटमधल्या अधिसूचनेच्या प्रती लोकांना उपलब्ध झाल्या त्या तारखेपासून २१ दिवसांत सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे या कामासाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, लेखी हरकत द्यावी लागते. ती तारीख उद्याच त्यांच्या कार्यालयातून काढून घ्या. हरकत हातोहात द्या आणि पोचेवर शिक्का घ्या. तुम्हाला किंवा तुमच्या वकिलाला तोंडी म्हणणे मांडू देणे त्यांना बंधनकारक आहे.

जमीन तुमचीच राहील. या कायद्याने सरकार मालकी घेत नाही, नळीपुरत्या पट्ट्याचा वापरहक्क घेते. पण खोटी आशा देणार नाही. कलम ६ ची, म्हणजे वापरहक्क घेतल्याची, सरकारी घोषणा झाली की तुमच्या संमतीशिवायही तो हक्क लागू होतो आणि त्यानंतर काम अडवणे हा गुन्हा आहे. घोषणेआधी मात्र त्यांना पाहणी, मोजणी आणि माती तपासण्यापुरतेच शेतात येता येते. नळीसाठी चर खणायला यंत्र आले, तर घोषणेची प्रत मागा. कलम ३ च्या अधिसूचनेपासून वर्षभरात घोषणा झाली नाही, तर ती अधिसूचना रद्द होते.

वीज केंद्राला विरोध करून हरकत टिकणार नाही. कोळशाच्या केंद्रात काही दिवसांचा साठा आवारात रचून ठेवता येतो, गॅसला मात्र नळीच लागते. उरणचे ६७२ मेगावॅटचे केंद्र असो वा अंजनवेलचे १९६७ मेगावॅटचे, गॅस आला नाही की टर्बाइन थांबतात. म्हणून नळी कुठून तरी जाणारच. तुम्ही तिचा मार्ग बदलून मागा.

तुमचा खरा प्रश्न घराचा आहे आणि मला काळजीही त्याचीच वाटते. आधीपासून राहते घर, पक्के बांधकाम किंवा घराला लागून असलेली जागा असेल, तर तिच्याखालून नळी नेता येत नाही. नुसते मनात असलेले घर या संरक्षणात बसत नाही. आणि कलम ९ नुसार त्या पट्ट्यात पुढे बांधकाम, विहीर, तळे काहीच करता येत नाही, झाडही लावता येत नाही. भात लावता येईल. म्हणून हरकतीत घराचा नकाशा, ग्रामपंचायतीकडे काही अर्ज केला असेल तर त्याची प्रत आणि रस्त्यालगतची जागा दाखवणारी मोजणी जोडा. नळी बांधाच्या कडेने घ्या अशी नेमकी मागणी करा. मधून नेली तर दोन्ही बाजूंचे तुकडे घरासाठी निकामी होतील, हे स्पष्ट लिहा.

मोबदल्याबाबत गावात चौपटीचा आकडा ऐकला असेल. ते गणित मालकी जाते तिथले आहे. इथे पट्ट्याच्या बाजारभावाच्या १० टक्के मिळतात. समजा पट्टा ६ गुंठ्यांचा आणि भाव गुंठ्याला ३ लाख, तर १ लाख ८० हजार. पिकांचे, झाडांचे आणि इतर नुकसान त्याशिवाय वेगळे. हापूस तोडावे लागले, तर वय आणि दरवर्षीचे उत्पन्न पंचनाम्यात लिहायला लावा, पंचनाम्याच्या वेळी स्वतः हजर राहा आणि कोऱ्या कागदावर सही देऊ नका. भाव कलम ३(१) च्या अधिसूचनेच्या तारखेचा धरतात, म्हणून त्या सुमाराची आजूबाजूची खरेदीखते दुय्यम निबंधक कार्यालयातून काढून ठेवा. रक्कम मान्य नसेल, तर जिल्हा न्यायाधीशांकडे जाता येते. पुढे दुरुस्तीसाठी माणसे शेतात शिरून नुकसान करतील, तेव्हाही भरपाई मागता येते.

दिरांशी आजच बोला. त्यांनी एकट्याने केलेल्या सहीने तुमचा हिस्सा बांधला जात नाही, पण एकाने संमती आणि दुसऱ्याने हरकत दिली तर सुनावणीत तुमची बाजू दुबळी होते. दोघांनी एकाच मुद्द्यांवर, आपापल्या सहीने हरकत द्यावी. तो माणूस पुन्हा आला, तर त्याचे नाव, कंपनीचे अधिकारपत्र आणि वेळ वहीत लिहून ठेवा. धमकीची तक्रार पोलीस ठाण्यात लेखी द्या. आणि कागदावरची तारीख मला लगेच कळवा, हरकतीचा मसुदा त्यानुसार करता येईल.