सर्वांवर पाळत ठेवण्याचे मूळ अर्थव्यवस्थेत आहे की हुकूमशाहीत?

आपण विचारले आहे की, संपूर्ण जनतेवर पाळत ठेवण्याची प्रवृत्ती भांडवलशाहीसारख्या अर्थव्यवस्थेतून येते की हुकूमशाही राजवटीतून. माझ्या मते, ज्या सत्तेला जाब विचारणारा कोणी नसतो ती पाळत ठेवू लागते, मग तिचे नाव काहीही असो; ही माहिती तिला कोणाकडून आणि किती सहज मिळेल, एवढेच अर्थव्यवस्थेवरून ठरते.

पूर्व जर्मनीत खासगी नफ्याला फारसे स्थान नव्हते, तरीही सुमारे १ कोटी ६० लाख लोकसंख्येच्या त्या देशात १९८९ साली ‘श्टाझी’ या गुप्त पोलीस यंत्रणेचे सुमारे ९१,००० पूर्णवेळ कर्मचारी होते आणि खबऱ्यांची संख्या त्याहून अधिक होती. तेव्हा भांडवलशाही गेली की पाळतही जाईल, हे म्हणणे टिकत नाही.

परंतु मला अधिक अस्वस्थ करते ते अमेरिकेतील ‘शॅमरॉक’ प्रकरण. दुसरे महायुद्ध संपताच, १९४५ मध्ये, तेथील लष्कराच्या संदेशशाखेने तीन मोठ्या तार कंपन्यांना गाठून परदेशी जाणाऱ्या आणि तेथून येणाऱ्या तारांच्या प्रती मागितल्या. कंपन्यांना हे बेकायदा ठरण्याची भीती होती आणि त्यांनी सरकारकडून अभय मागितले. प्रती मात्र त्या देत राहिल्या, आणि हे कोणत्याही न्यायालयाच्या वॉरंटविना तब्बल तीस वर्षे चालले. पुढे तारा चुंबकीय फितींवर येऊ लागल्या, तेव्हा विशिष्ट नावे शोधणे सोपे झाले. निवडणुका, वृत्तपत्रे आणि न्यायालये असलेल्या देशात हे घडले, कारण त्यांतील कोणालाच त्याचा पत्ता नव्हता. १९७५ साली सिनेटर फ्रँक चर्च यांच्या अध्यक्षतेखालील सिनेटच्या ‘चर्च समिती’ने ते उघडकीस आणले, आणि माझ्या दृष्टीने लोकशाहीचा खरा फरक इथे दिसतो: श्टाझीची दप्तरे उघडायला राजवटच कोसळावी लागली.

तथापि, एकदा उघडकीस आले म्हणजे प्रश्न सुटला असे होत नाही. या चौकशीनंतर १९७८ च्या कायद्याने स्थापन झालेल्या गुप्त न्यायालयानेच पुढे व्हेरायझन या दूरध्वनी कंपनीला देशातील ग्राहकांच्या कॉलच्या नोंदी दररोज सरकारला देण्याचा आदेश दिला, हे २०१३ मध्ये अमेरिकी गुप्तचर यंत्रणेची गुप्त कागदपत्रे उघड करणारे एडवर्ड स्नोडेन यांच्यामुळे जगाला कळले. त्या न्यायालयासमोर बाजू मांडत होते ते फक्त सरकार. कॉलच्या नोंदी कंपनीकडे तिच्या व्यवहारासाठी आधीच जमा होत होत्या, त्यामुळे खबरे नेमण्याची गरजच उरली नव्हती.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने फोन टॅपिंगबाबत १९९६ साली बंधने घातली आणि २०१७ साली नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. मात्र १९९६ च्या निकालाने न्यायालयाची पूर्वपरवानगी सक्तीची केली नाही. आदेश गृहसचिवांनी द्यायचा आणि त्याचा फेरविचार अन्य सचिवांच्या समितीने करायचा, अशी ती रचना आहे. ज्याचे संभाषण ऐकले गेले, त्याला ते नंतरही कळवले जात नाही, आणि म्हणून दाद मागायला तो बहुधा न्यायालयापर्यंत पोहोचतच नाही.