एमआयडीसीतले छोटे कारखानदार एकत्र येऊन कामगारांची अडचण सोडवू शकतात का?

तुमचा नवी मुंबईत रबाळ्याला नऊ माणसांचा गाळा, सीएनसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर) पोरं टिकत नाहीत, शेजारच्या चार-पाच जणांबरोबर मिळून काही करता येईल का, असं विचारलंय. येतं. आम्ही केलं, आणि आम्हीच बुडवलं.

त्याच पट्ट्यात मी एकोणीस वर्षं जॉबवर्क (दुसऱ्या कंपन्यांचे भाग बनवून देणं) करतोय. पाच गाळेवाल्यांनी मिळून आयटीआयची चार पोरं घेतली. तीन महिने माझ्याकडे व्हीएमसी (उभ्या कटरची सीएनसी मशीन), मग दुसऱ्याकडे टर्निंग (लेथचं काम), तिसऱ्याकडे ग्राइंडिंग, शेवटी इन्स्पेक्शन. स्टायपेंड पाचांत वाटून.

त्या पोरांतला एक दिघ्याचा. पहिल्याच आठवड्यात चार नंबरच्या टूलचा ऑफसेट (मशीनला द्यायचं टूलच्या लांबीचं माप) पाचला टाकला आणि कटर थेट वाइसमध्ये, म्हणजे जॉब पकडणाऱ्या शिकंज्यात, घुसवला. आवाज ऐकून धावलो, तर हा दोन्ही हात मागे बांधून भिंतीला टेकलेला. मी ओरडलो नाही. (माझा सेटर, म्हणजे मशीन लावून देणारा, म्हणतो ओरडलो.) दुसऱ्या दिवसापासून पोराच्या खिशात वही. प्रत्येक टूलचा नंबर, ऑफसेट लिहिलेला. सायकल स्टार्ट दाबण्याआधी बोट ठेवून वाचायचा. वर्ष सरता सरता सेटरच्याच चुका काढायला लागला.

वर्ष संपलं आणि समोरच्या शेठनी अडीच हजार जास्त देऊन त्याला उचलला. आमच्या पाचांतलेच ते! एकमेकांची माणसं ओढायची नाहीत हे त्यांच्याच गाळ्यात, त्यांच्याच चहावर ठरलं होतं. जाब विचारला तर म्हणे, "तुम्ही द्या ना जास्त."

हेच मी पहिल्या मीटिंगला म्हणत होतो. शिकून झालं की पाचही गाळ्यांत एकच पगार, आणि तो पोराला पहिल्याच दिवशी सांगायचा. सगळे हसले. शेठ सगळ्यांत मोठ्याने. माणसं ओढू नका याचा अर्थ पगार वाढवू नका, दुसरं काय? पोरगा गेला यात त्याची काडीची चूक नाही.

गाडी मात्र टिकली. रात्री अकराला शिफ्ट सुटली की आत रिक्षा फिरकत नाही, म्हणून स्टेशनपर्यंत सामायिक ट्रॅव्हलर लावली होती. शेठशी दोन वर्षं बोलणं बंद होतं, पण डिझेलचा हिस्सा दर महिन्याला येत होता. सुरुवात गाडीपासूनच करा.

हां, कागद नीट करा. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्यात अनेक मालकांनी मिळून उमेदवार शिकवायची सोय आहे, पण ती सरकारच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणेच करावी लागते. चहावरचं ठरलेलं चालत नाही. ३० माणसांपासून वर उमेदवार घेणं सक्तीचं, ४ ते २९ ला ऐच्छिक, म्हणजे तुम्हाला कोणी विचारायला येणार नाही. आणि आमचे पाचही गाळे एकाच गल्लीत होते. तुमचे महाप्यापर्यंत पसरलेले असतील तर फिरवाफिरवी जड जाईल.

पण पहिल्या मीटिंगला आधी पगाराचा आकडा काढा. जो हसेल त्याला दुसऱ्या मीटिंगला बोलावू नका.