वाचकांचे प्रश्न: डिजिटल नोंदी आणि सरकारी प्रोत्साहन

प्रश्न: आमचं १५ खाटांचं रुग्णालय आहे. सॉफ्टवेअर घेतलंय, केसपेपर काढतानाच प्रत्येकाचा आभा क्रमांक (आरोग्याच्या नोंदी जोडण्यासाठीचा रुग्णाचा डिजिटल ओळख क्रमांक) लिहून घेतो. तरी अशा डिजिटल नोंदींसाठी पैसे देणाऱ्या सरकारच्या डिजिटल हेल्थ इन्सेंटिव्ह स्कीमचा एक रुपयाही आलेला नाही. चुकतंय कुठे?

उत्तर: बहुधा दोन ठिकाणी. पहिलं म्हणजे, १ जानेवारी २०२३ पासून लागू झालेली ही योजना सॉफ्टवेअर घेतल्याचे किंवा नुसता १४ अंकी क्रमांक टिपल्याचे पैसे देत नाही. डॉक्टरांची चिठ्ठी, रिपोर्ट किंवा डिस्चार्ज कार्ड रुग्णाच्या आभाशी जोडलं गेलं, तरच तो एक 'व्यवहार' म्हणून हिशेबात येतो. खात्री करायची असेल तर एखाद्या कर्मचाऱ्याला विचारून त्याच्याच आभावर केसपेपर काढा, चिठ्ठी सेव्ह करा आणि त्याच्या मोबाइलवरच्या आभा अ‍ॅपमध्ये ती दिसते का ते लगेच पाहा. दिसली नाही तर सॉफ्टवेअर कंपनीला सरळ विचारा, 'एम-टू झालंय का?' सॉफ्टवेअर आभा व्यवस्थेशी जोडण्याचे हे टप्पे आहेत: एम-वनमध्ये फक्त आभा काढणं आणि पडताळणं येतं, एम-टूमध्ये नोंद जोडणं, आणि एम-थ्रीमध्ये रुग्णाच्या संमतीने दुसरीकडच्या नोंदी पाहणं. एम-वनवर थांबलेलं सॉफ्टवेअर या योजनेसाठी उपयोगाचं नाही.

एम-टू असूनही जोडणी अडत असेल, तर नोंदणीच्या टेबलावर लक्ष द्या. केसपेपरवर मोबाइल नंबर मुलाचा, जन्मवर्ष अंदाजे आणि नाव घरी हाक मारतात ते, असं असेल तर आभावरच्या माहितीशी मेळ बसत नाही. ओपीडीच्या खिडकीवर आभा नोंदणीसाठीचा तुमच्या रुग्णालयाचा क्यूआर कोड लावा. रुग्णाने तो स्कॅन करून माहिती पाठवली की नाव, लिंग, जन्मतारीख आभावरूनच येते, टाइप करायची वेळ येत नाही.

दुसरं कारण उंबरठ्याचं. १० किंवा अधिक खाटांच्या रुग्णालयाला दर महिन्याला खाटेमागे १०० व्यवहार विनामोबदला करावे लागतात. त्यापुढच्या प्रत्येक व्यवहाराला २० रुपये. तुमच्या १५ खाटांचा उंबरठा १,५०० झाला. महिन्यात २,००० नोंदी जोडल्यात तर ५०० गुणिले २०, म्हणजे १०,००० रुपये. १,४०० जोडल्यात तर काहीच नाही. महिन्याला २५ दिवस ओपीडी धरली, तर रोज ६० नोंदी जोडूनही तुम्ही जेमतेम उंबरठ्यापाशी पोहोचता. खाटा भरलेल्या पण ओपीडी बेताची, अशा प्रसूतिगृहांवर आणि शस्त्रक्रियेच्या रुग्णालयांवर हा नियम अन्याय करतो, असं आमचं स्पष्ट मत आहे. निदान हेल्थ फॅसिलिटी रजिस्ट्रीतला (रुग्णालयांच्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीतला) खाटांचा आकडा तरी तपासा. तिथे चुकून २० लिहिलं गेलं असेल तर उंबरठा २,००० धरला जाईल. आकडा नर्सिंग होम नोंदणीच्या दाखल्याशी जुळलाच पाहिजे. पैशांसाठी तो कमी दाखवू नका.

योजनेची मुदत टप्प्याटप्प्याने वाढवली गेली आहे. त्यामुळे या पैशांच्या भरवशावर खर्च ठरवण्याआधी राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाचा ताजा आदेश वाचा.

प्रश्न: आमचे ज्येष्ठ डॉक्टर हातानेच चिठ्ठी लिहितात. त्यांनी टायपिंग शिकायलाच हवं का?

उत्तर: नाही. चिठ्ठी स्कॅन करून पीडीएफ म्हणून जोडता येते. फोटो मात्र सरळ आणि उजेडात काढा, चारही कडा दिसू द्या आणि ती चिठ्ठी त्याच भेटीच्या नोंदीला लावा. रांग ओसरल्यावर संध्याकाळी एकगठ्ठा स्कॅनिंग केलं की एकाची चिठ्ठी दुसऱ्याच्या खात्यात जाण्याचा धोका असतो. ही चूक पैशांची नाही, जिवाशी गाठ आहे. स्कॅन वाचता येतो, पण त्यातली साखर किंवा क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या तपासणीतला आकडा) संगणकाला कळत नाही, मागच्या आकड्यांशी तुलनाही होत नाही. म्हणून तपासण्यांचे आकडे आणि औषधांची अ‍ॅलर्जी एवढं तरी नर्सने टाइप करावं.

प्रश्न: पॅथॉलॉजी लॅबला काय मिळतं?

उत्तर: लॅब आणि रेडिओलॉजी केंद्रांना खाटांचा हिशेब नाही. महिन्याला ५०० व्यवहारांच्या पुढे प्रत्येकी १५ रुपये. ८०० रिपोर्ट जोडले तर ४,५०० रुपये होतात. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला रिपोर्ट यात धरला जात नाही.

प्रश्न: माझा एकट्याचा दवाखाना आहे, खाटा नाहीत.

उत्तर: रुग्णालयांचा गट १० खाटांपासून सुरू होतो, त्यामुळे त्या गटातून थेट रक्कम येणार नाही. योजनेत सॉफ्टवेअर कंपन्यांनाही प्रोत्साहन आहे; वार्षिक फी ठरवताना हे लक्षात ठेवून घासाघीस करा. करारात एक अट आवर्जून घाला: सॉफ्टवेअर सोडलं तर सगळ्या नोंदी वाचता येतील अशा स्वरूपात परत मिळाल्या पाहिजेत, त्याही वेगळी फी न देता.

प्रश्न: रुग्ण आभा काढायला नाही म्हणाला तर?

उत्तर: आभा ऐच्छिक आहे. त्यावरून उपचार नाकारता येत नाहीत आणि रुग्णाला न विचारता त्याच्या आधारवरून आभा काढणं चुकीचं आहे. त्याची नोंद नेहमीसारखी तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये करा. पुढे कधी त्याने आभा काढलं, तर संमती घेऊन ती जोडता येईल.