प्लगइन आणि थीम अपडेट केल्यावर वर्डप्रेसची वेबसाइट बंद पडली आहे. सगळे प्लगइन काढून टाकावेत का?

आपल्या प्रश्नातील परिस्थिती अशी आहे : संस्थेच्या वेबसाइटवर २२ प्लगइन (म्हणजे वर्डप्रेसला नवी कामे जोडणारे भाग) आहेत, एकाच संध्याकाळी त्यांतील तीन आणि सोबत थीम (म्हणजे वेबसाइटचे रूप ठरवणारा भाग) अपडेट केली, आणि तेव्हापासून गंभीर चूक झाल्याचे एक वाक्य सोडून काहीही दिसत नाही. ॲडमिनमध्येही, म्हणजे वेबसाइट सांभाळण्याच्या आतल्या पानांवरही, जाता येत नाही. सगळे प्लगइन डिलीट करून नव्याने टाकण्याचा सल्ला आपल्याला कोणीतरी दिला आहे. तो कृपया मानू नका. प्लगइन निष्क्रिय केल्यास त्याची सेटिंग्ज आणि त्याने साठवलेली माहिती डेटाबेसमध्ये तशीच राहते. मात्र ॲडमिनमधून ते डिलीट केले की अनेक प्लगइन जाताना आपला डेटाही पुसून जातात. सभासदांनी भरलेले अर्ज अशा रीतीने गेले, तर बॅकअपशिवाय ते परत मिळत नाहीत.

सर्वांत आधी ॲडमिनचा ईमेल तपासावा. २०१९ मध्ये आलेल्या ५.२ आवृत्तीपासून वर्डप्रेस अशा प्रसंगी एक पत्र पाठवते. त्यात चूक कोणत्या प्लगइनमध्ये किंवा थीममध्ये झाली ते लिहिलेले असते आणि रिकव्हरी मोडमध्ये जाण्याचा दुवा असतो. त्या दुव्यावरून लॉगिन केल्यास दोषी भाग केवळ आपल्यापुरता थांबवून ॲडमिन उघडते. संस्थांच्या बाबतीत हा पत्ता पुष्कळदा पूर्वीच्या चिटणिसांचा असतो, म्हणून त्यांनाही विचारून पाहावे.

पत्र मिळाले नसेल, तर होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमधून डब्ल्यूपी-कॉन्फिग ही वर्डप्रेसच्या सेटिंग्जची फाइल उघडावी, तिची एक प्रत बाजूला ठेवावी, आणि चुका टिपणाऱ्या डीबग व डीबग-लॉग या दोन्ही सेटिंग्ज चालू करून चुका पडद्यावर दाखवणारा डीबग-डिस्प्ले मात्र बंद ठेवावा, म्हणजे चुका वाचकांना न दिसता डब्ल्यूपी-कन्टेन्ट फोल्डरमधील डीबग.लॉग या फाइलमध्ये उतरतील. मग वेबसाइट एकदा उघडून ती फाइल पाहावी. त्यात 'वॉर्निंग' आणि 'डेप्रिकेटेड' अशा सूचनांची गर्दी असेल. त्यांकडे तूर्त दुर्लक्ष करून 'फेटल एरर' हे शब्द शोधावेत. त्या ओळीत फाइलचा पूर्ण मार्ग आणि ओळीचा क्रमांक असतो. मार्गात 'प्लगइन्स' फोल्डर आले तर त्याच्या पुढचे नाव प्लगइनचे, 'थीम्स' आले तर थीमचे. काम झाल्यावर डीबग बंद करून ती लॉग फाइल काढून टाकावी, कारण ती बाहेरच्या कोणालाही उघडता येण्याची शक्यता असते.

या एका ओळीचे महत्त्व मला एका ग्रंथालयाच्या वेबसाइटने शिकवले. दिवाळी अंक योजनेची नोंदणी चालू असतानाच ती बंद पडली. त्याच दिवशी अर्जाचे प्लगइन अपडेट झाले होते, म्हणून मी संपूर्ण दुपार त्याच्याच जुन्या आवृत्त्या टाकून पाहण्यात घालवली. संध्याकाळी लॉग उघडला, तेव्हा त्यात प्लगइनचे नावही नव्हते. 'क्रिएट_फंक्शन' नावाचे फंक्शन अस्तित्वात नसल्याची ती चूक थीमच्या फाइलमधली होती. होस्टिंग कंपनीने सकाळी पीएचपीची (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिले आहे तिची) आवृत्ती ७.४ वरून ८.० वर नेली होती, आणि हे फंक्शन ८.० मध्ये काढून टाकलेले आहे. जुन्या थीममध्ये विजेटची नोंद करताना ते सर्रास वापरत असत. पॅनेलमधून पीएचपी तात्पुरती मागे नेल्यावर वेबसाइट लगेच सुरू झाली, आणि ती एक ओळ नव्या पद्धतीने लिहून पीएचपी पुन्हा पुढे नेली. नुकतेच काय बदलले याचा विचार करताना आपण स्वतः केलेले बदल तेवढे आठवतात. सर्व्हरवर झालेला बदल विचारल्याशिवाय कळत नाही.

एक अपवाद ध्यानात ठेवावा. मेमरी संपल्याची चूक असेल, तर तिथे नाव आलेली फाइल दोषी असेलच असे नाही; मेमरी ज्या ठिकाणी संपली ती जागा तेवढी त्यात कळते.

लॉगमधूनही उलगडा झाला नाही, तर 'प्लगइन्स' या फोल्डरचे नाव बदलावे. वेबसाइट सुरू झाली, तर ॲडमिनमधील प्लगइनचे पान एकदा उघडावे, म्हणजे वर्डप्रेस सगळ्या प्लगइनची निष्क्रिय अशी नोंद करते, आणि त्यानंतरच फोल्डरचे नाव पूर्ववत करावे. ते पान न उघडता नाव पूर्ववत केले, तर सगळी प्लगइन पुन्हा एकदम चालू होतात. मग एकेक चालू करत बसण्याऐवजी निम्मी चालू करून पाहावीत, दोष दिसला तर त्यांतली निम्मी. २२ प्लगइनमधला एकटा दोषी अशा रीतीने फार तर पाच फेऱ्यांत सापडतो. दोन्ही निम्मे गट स्वतंत्रपणे नीट चालत असतील, तर दोन प्लगइनचे आपसांत पटत नाही असे समजावे. फोल्डरचे नाव बदलल्याने 'एमयू-प्लगइन्स' फोल्डरमधील कायम चालू राहणारी प्लगइन आणि कॅशे (म्हणजे पानांच्या तयार प्रती) सांभाळणाऱ्या प्लगइनने डब्ल्यूपी-कन्टेन्टमध्ये ठेवलेल्या फाइल्स थांबत नाहीत, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. थीमसाठीही हाच उपाय आहे, फक्त वर्डप्रेसची एखादी मूळ थीम सर्व्हरवर असायला हवी.

वेबसाइट उघडते पण मेन्यू किंवा स्लायडर चालत नाही, अशी तक्रार निराळी. तिथे ब्राउझरचे कन्सोल, म्हणजे पानावरील चुका दाखवणारी त्याची खिडकी, पाहावे आणि त्याआधी सगळे कॅशे रिकामे करावे.

आपण थीमच्या फंक्शन्स फाइलमध्ये मराठी मजकूर लिहिल्याचेही म्हटले आहे. ती फाइल विंडोजच्या जुन्या नोटपॅडमध्ये यूटीएफ-८ म्हणून सेव्ह केली असेल, तर सुरुवातीला बॉम नावाची एक अदृश्य खूण बसते आणि 'हेडर्स ऑलरेडी सेंट' अशी चूक येऊ शकते; नोटपॅड++ मध्ये बॉम नसलेला 'यूटीएफ-८' हा पर्याय निवडून ती फाइल पुन्हा सेव्ह करावी. शिवाय हे बदल मूळ थीममध्येच केले असतील, तर कालच्या अपडेटने ते पुसले गेले आहेत. बॅकअपमधून ती फाइल मिळवावी आणि तो मजकूर चाइल्ड थीममध्ये, म्हणजे मूळ थीमवर आधारलेल्या आपल्या स्वतंत्र थीममध्ये, ठेवावा.

दोषी प्लगइन सापडल्यावर वर्डप्रेसच्या प्लगइन डिरेक्टरीतील त्याच्या पानावर 'ॲडव्हान्स्ड व्ह्यू'मध्ये जुन्या आवृत्त्या मिळतात. अपडेटच्या आधीची आवृत्ती टाकावी, त्या प्लगइनचे आपोआप होणारे अपडेट थांबवावे, आणि लॉगमधली ती ओळ पीएचपीच्या आवृत्तीसह प्लगइनच्या लेखकांना कळवावी.